घटस्फोटानंतर मुलांच्या कॉलेजचा खर्च: कोणतं पाऊल कधी उचलायचं

बारावीचा निकाल लागतो, कॅप राउंडमध्ये सीट मिळते, फी भरायला मोजके दिवस उरतात, आणि मग आई किंवा वडील वकिलाच्या ऑफिसात येऊन विचारतात, "आता समोरच्याकडून निम्मे पैसे कसे मिळतील?" त्या आठवड्यात मिळत नाहीत. नोटीस बजावण्यातच त्याहून जास्त वेळ जातो. त्यात मुलाला अठरा पूर्ण झाली असतील, तर कालपर्यंत सरळ असलेली वाट अवघड झालेली असते. कायदा बहुतेक वेळा मुलाच्या बाजूने असतो. घोळ होतो तो वेळेचा आणि कागदांचा.

मूल दहावीत किंवा अकरावीत असतानाच हा लेख हाताशी असावा, कारण खालची पावलं त्याच क्रमाने टाकायची आहेत. उदाहरणं कोल्हापूर जिल्ह्यातली आहेत. केंद्रीय कायदे बहुतांश देशात तेच आहेत.

टप्पा १: मुलाचं वय, मुलगा की मुलगी, आणि लागू होणारा कायदा

सगळ्यात आधी कागदावर मुलाची जन्मतारीख लिहा आणि शेजारी अठरा पूर्ण होण्याची तारीख. पुढचं सगळं या तारखेवर ठरतं.

मूल अठराच्या आत असेल तर हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २६ खाली ताबा, देखभाल आणि शिक्षण या तिन्हींबद्दल न्यायालय आदेश देऊ शकतं. घटस्फोटाचा निकाल होऊन वर्षं लोटली असली तरी हा अर्ज करता येतो. "तेव्हाच मागायचं राहून गेलं, आता काही होत नाही" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम २० प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाला सांभाळण्याची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येतच निर्वाहात शिक्षण येतं. जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही हे दोन्ही कायदे लागू आहेत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम ३८ पाहा. ख्रिश्चन कुटुंबांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तशीच तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीचं १२५, धर्म न पाहता सगळ्यांसाठी खुलं आहे.

अविवाहित मुलीचा हक्क अठराला संपत नाही. १९५६ च्या कायद्याच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर तिचं भागत नसेल, तर लग्न होईपर्यंत ती निर्वाह मागू शकते. इथे एक बारकावा हमखास चुकतो. सज्ञान मुलगी केवळ अविवाहित आहे एवढ्यावर कलम १४४ खाली मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि तिने १९५६ च्या कायद्याखाली दिवाणी मार्गाने यावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे, आणि आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत तो देण्यास पालकांना भाग पाडता येतं.

अडचण होते ती मुलग्याच्या बाबतीत. सज्ञान आणि धडधाकट मुलासाठी कलम २० किंवा १४४ मध्ये थेट हक्क नाही. अपंगत्वामुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर १४४ उपलब्ध आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की आजच्या काळात अठरापर्यंतचा खर्च पुरेसा नाही, कारण मूलभूत पदवीच कॉलेज पूर्ण झाल्यावर मिळते. म्हणून त्या वडिलांना मुलगा पहिली पदवी घेईपर्यंत पैसे देण्याचा आदेश झाला. पण दुसऱ्याच्या निकालावर विसंबून थांबू नका. मुलगा असेल तर अठरा पूर्ण होण्याआधी अर्ज दाखल करा आणि मागणीत "पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत" हे शब्द घाला.

तपासा: अठरा पूर्ण व्हायला सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर टप्पा २ आणि ३ एकदमच सुरू करा.

टप्पा २: जुना हुकूमनामा काढून नीट वाचा

हुकूमनामा म्हणजे घटस्फोट देताना न्यायालयाने काढलेला लेखी आदेश. घरात असते ती बहुधा त्याची झेरॉक्स. न्यायालयातून सही-शिक्क्याची नक्कल काढून घ्या, पुढे वसुलीला तीच लागते. मग शोधा: मुलाच्या देखभालीची रक्कम वेगळी लिहिली आहे का? "शिक्षण" हा शब्द आहे का? ती रक्कम कधीपर्यंत द्यायची आहे?

परस्पर संमतीच्या घटस्फोटात एक वाक्य फार वेळा दिसतं: "पत्नीने स्वतःच्या व मुलाच्या पोटगीचा हक्क कायमचा सोडला आहे." स्वतःचा हक्क तिने सोडला असेल. मुलाचा हक्क मुलाचा आहे, आईने सही केली म्हणून तो संपत नाही. तसंच "मी एकरकमी पाच लाख दिले, आता माझा संबंध नाही" हेही तपासावं लागतं. ती रक्कम पत्नीची कायमची पोटगी होती की मुलाच्या शिक्षणासाठी होती, हे हुकूमनाम्यातल्या शब्दांवर ठरतं. मुलाच्या नावे काही ठेव किंवा मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं ठरलं असेल तर त्याची आजची शिल्लक काढा. सुकन्या खात्यातून उच्च शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. न्यायालय ते विचारणारच.

सावधान: न्यायालयाबाहेर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला करार हुकूमनाम्यासारखा थेट वसुलीला लावता येत नाही. तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण त्याच्या जोरावर आधी दावा लावावा लागतो. तुमच्याकडे तेवढाच कागद असेल तर न्यायालयाचा आदेश अजून मिळवायचाच आहे असं समजा.

टप्पा ३: खर्चाचा तक्ता, अंदाजाने नव्हे तर कागदाने

"इंजिनिअरिंगला वर्षाला दोन-अडीच लाख लागतात" असं अर्जात लिहिणं म्हणजे समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत देणं. प्रत्येक आकड्यामागे कागद हवा.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार आकडे संकेतस्थळावर असतात. त्याची छापील प्रत जोडा. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करायचं असेल तर कॉलेजचं माहितीपत्रक आणि फी पावती पुरते. फी सोडून बाकी खर्च लोक विसरतात: परीक्षा शुल्क, वसतिगृह किंवा बोर्डिंग, मेस, गडहिंग्लज, राधानगरी किंवा चंदगडहून येणाऱ्यांचा एस.टी. पास, लॅपटॉप, ॲप्रन, ड्रॉइंगचं साहित्य, पुस्तकं. परत मिळणारी अनामत वेगळी दाखवा, तिला खर्चात मोजू नका.

दहावीनंतर डिप्लोमाला गेलेलं मूल आणि अकरावी-बारावीत नीट किंवा जेईईचे क्लास लावलेलं मूल, दोघेही अजून अज्ञान असतात. म्हणजे हा खर्च मागण्याची सर्वात सोपी वेळ हीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात क्लासचा खर्च धरायला हवा असं म्हटलं आहे, मात्र तो वाजवी असावा, उधळपट्टीचा नको. कोल्हापुरात चांगला पर्याय असताना क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचं असेल तर कारण लेखी सांगता आलं पाहिजे.

त्यातून शिष्यवृत्ती वजा करा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला मिळते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासकीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घटस्फोट झालेल्यांनी हुकूमनाम्याची प्रत सोबत नेऊन कोणाचं उत्पन्न धरलं जाणार हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधीच विचारून घ्यावं. तहसीलच्या दाखल्यातलं उत्पन्न आणि न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रातलं उत्पन्न यांत तफावत आढळली तर दोन्हीकडे अडचण होते. ही चूक खरोखर महागात पडते.

टप्पा ४: उत्पन्नाचा पुरावा

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे, आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही पक्षांना आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पण समोरचा माणूस त्यात काय लिहील हे त्याच्या हातात आहे. ते खोटं असेल तर दाखवून देण्याची तयारी तुमची.

नोकरदार असेल तर पगारपत्रक, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधी. ही कागदं तो देत नसेल तर मालकाकडून मागवण्याचा आदेश व्हावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो.

आपल्याकडे खरी पंचाईत असते ती शेती आणि धंद्याची. "माझं काही उत्पन्न नाही, शेती आईच्या नावावर आहे, रिटर्न भरत नाही." यावर उत्तर कागदातच सापडतं. सातबारा आणि आठ-अ काढा, ते ऑनलाइन मिळतात. फेरफार पाहा, कारण घटस्फोटाच्या सुमारास जमीन भावाच्या किंवा आईच्या नावे गेली असेल तर तो फेरफार स्वतःच पुरावा आहे. साखर कारखान्याला गेलेल्या उसाचं वजन आणि बिल, दूध संस्थेचं बिल, विकास सोसायटीचं पीककर्ज हे सगळं न्यायालयामार्फत मागवता येतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्रीची कामं घेणारा, इचलकरंजीत यंत्रमाग चालवणारा, हुपरीत चांदीचं काम करणारा, याची जीएसटी नोंदणी आहे का हे पोर्टलवर कोणालाही पाहता येतं. गाडी कोणाच्या नावावर, हप्ता कोणत्या खात्यातून जातो, दुकानाच्या पाटीवर नाव कोणाचं, याचे फोटो तारखेसह ठेवा.

सावधान: दुसऱ्याचा मोबाइल उघडणं, त्याच्या बँक खात्यात लॉगिन करणं, जुना पासवर्ड वापरणं, यातलं काहीही करू नका. व्हॉट्सअॅपवर तुम्हाला आलेले मेसेज चालतात. मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून वेळेत तयार करून घ्या.

स्वतःचं उत्पन्नही पूर्ण सांगा. शिकवणी, शिवणकाम, भाडं, काहीही लपवू नका. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे वडिलांनी करावा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घेता येतो, असं रजनेश विरुद्ध नेहा निकालातच आहे. समजा वडिलांचं उत्पन्न महिना ६०,००० आणि आईचं ३०,०००, शिष्यवृत्ती वजा जाता वर्षाचा खर्च १,८०,०००. प्रमाण दोनास एक म्हणजे वडील १,२०,००० आणि आई ६०,०००. हा कायद्याने ठरवलेला फॉर्म्युला नाही, पण अर्जात असा हिशोब मांडला की बोलणं मुद्द्यावर येतं. उत्पन्न आईचं जास्त असेल आणि मूल वडिलांकडे राहत असेल तर हाच हिशोब उलट्या बाजूने लागतो. वडिलांनी मागण्यात कमीपणा काही नाही.

टप्पा ५: आधी लेखी मागणी

अर्जाआधी एक साधं, शांत पत्र पाठवा. स्पीड पोस्टने, पोहोच ठेवून. त्यात कोर्स, कॉलेजांचे पर्याय, खर्चाचा तक्ता, तुमचा वाटा आणि त्यांचा वाटा, आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. जुनी भांडणं त्यात नको. हे पत्र पुढे न्यायाधीश वाचणार आहेत असं धरून लिहा.

"मला न विचारता महागड्या कॉलेजात टाकलं, आता मी का देऊ?" हा समोरचा सर्वात मोठा बचाव असतो. पर्याय आधी कळवलेले असतील तर त्यातली हवा निघून जाते. मुलाशी बोलून, त्याची निवड ऐकून मगच पत्र लिहा. त्याला मात्र निरोप्या बनवू नका. "जा, बाबांकडून पैसे घेऊन ये" हे सतरा वर्षांच्या पोराला ऐकवणं बरोबर नाही.

टप्पा ६: अर्ज कुठे आणि कोणाच्या नावाने

कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांत दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्याकडे जावं लागतं. तुमचं गाव कोणाकडे येतं ते दाखल करण्याआधी विचारून घ्या, नाहीतर अर्ज परत येऊन महिने जातात. घटस्फोट ज्या न्यायालयात झाला तिथेच कलम २६ चा अर्ज करणं बहुधा सोयीचं.

मूल अज्ञान असेल तर सांभाळणारे पालक अर्ज करतात. मुलगी सज्ञान असेल तर अर्जदार ती स्वतः, सही तिची, प्रतिज्ञापत्र तिचं. मुलगी एकोणीस वर्षांची असताना आईने स्वतःच्या नावाने तिच्यासाठी दावा लावणं ही वारंवार दिसणारी चूक आहे, आणि समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो.

मुख्य अर्जासोबत अंतरिम अर्ज द्या, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत तात्पुरती रक्कम मिळावी असा अर्ज. नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ जाऊ शकतो. म्हणून अकरावीची दिवाळी ही दाखल करण्याची चांगली वेळ आहे. रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही रजनेश विरुद्ध नेहा मध्ये ठरलं आहे. अर्ज जितका आधी, तितके महिने तुमच्या हिशोबात येतात.

महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणात महिलांना कोर्ट फी माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशक दोघांना बसवतात. ती तारीख चुकवू नका. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, आणि मिटली तर मुलाची परीक्षा शांतपणे होते.

टप्पा ७: तडजोडीच्या अटी अशा लिहा की पुढे वाद उरणार नाही

"वडील मुलाच्या उच्च शिक्षणाचा योग्य तो खर्च करतील" हे वाक्य कागदावर छान दिसतं आणि वसुलीला निरुपयोगी ठरतं. योग्य म्हणजे किती? उच्च म्हणजे कुठपर्यंत? अटीत एवढ्या गोष्टी स्पष्ट हव्यात:

- कोणाचा वाटा किती टक्के, आणि वर्षाला कमाल किती
- कोणते खर्च धरले, कोणते नाही
- फी थेट कॉलेजच्या खात्यात, फी पत्र मिळाल्यापासून किती दिवसांत; मेस-खोलीचे पैसे दर महिन्याच्या कोणत्या तारखेला
- दरवर्षी किती वाढ
- पहिली पदवी की पदव्युत्तरही
- एखादं वर्ष गेलं किंवा कोर्स बदलला तर किती मुदत वाढेल
- शिष्यवृत्ती मिळाली तर कोणाचा वाटा कमी होणार, अनामत परत आल्यावर कोणाला
- शैक्षणिक कर्ज काढल्यास सहकर्जदार म्हणून सही कोण करणार आणि हप्ता कोण फेडणार
- गुणपत्रक आणि फी पावती दुसऱ्या पालकाला कधी द्यायची

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पैसे देणाऱ्या पालकाला मूल काय शिकतंय हेच कळत नसेल तर दुसऱ्या वर्षी तो हात आखडतो. कर्जाच्या सहीवरून तर प्रवेश अडकलेले आहेत, तेव्हा ती अट गाळू नका.

तपासा: अटी न्यायालयात दाखल होऊन हुकूमनाम्याचा भाग झाल्या का? दोघांच्या सह्या झाल्या म्हणजे काम संपलं नाही.

टप्पा ८: पैसे आले नाहीत तर

प्रत्येक पावतीची फाइल ठेवा, वर्षवार. तुम्ही भरलेली फी रोखीने भरू नका, खात्यातून भरा. थकबाकी झाली की पुन्हा लेखी कळवा आणि लगेच वसुलीची दरखास्त, म्हणजे आदेश अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करा. पगारावर, बँक खात्यावर किंवा मालमत्तेवर जप्ती मागता येते. आदेश कलम १४४ चा असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वॉरंटसाठी अर्ज करावा लागतो. "पोराचं वर्ष संपू दे, मग बघू" म्हणत लोक ही मुदत घालवतात. त्या आदेशाखाली प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, मात्र कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही.

देणाऱ्याची नोकरी खरंच गेली असेल तर त्याने गप्प बसून थकबाकी वाढवू नये. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून मागण्याची तरतूद कलम २६ मध्ये, १९५६ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. मेडिकलला सीट लागून खर्च वाढला तर तीच तरतूद मागणाऱ्यालाही वापरता येते.

कौटुंबिक न्यायालयाचा अंतिम आदेश मान्य नसेल तर अपिलासाठी ३० दिवसांची मुदत धरून चाला. कलम १४४ च्या आदेशावर अपील नसून पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या न्यायालयाने आदेश तपासावा असा अर्ज, असतो. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथल्या पक्षकारांना यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. आदेश हातात पडला त्याच दिवशी नक्कलेसाठी अर्ज करा.